उचलून नेणाऱ्या त्या दादाचं नाव

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आमच्याकडे ९ सप्टेंबरला शिरीषकुमारचं स्मरण होतं, हे आपणांस ठाऊक असेलच. यंदा त्याच्या तसबिरीशेजारी जगातल्या इतर मुलांचीही तीन छायाचित्रं फ्रेम करून व्हरांड्यात लावायचं आम्ही ठरवलं. एक दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोचं, एक वॉर्सॉमधल्या हात वर केलेल्या मुलाचं आणि एक व्हिएतनाममध्ये रस्त्यावरून धावत येणाऱ्या मुलीचं. सोवेटोचा फोटो बघून सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मेलेल्या मुलाचं नाव खाली लिहिलंय. त्याला उचलून नेणाऱ्या दादाचं नाव काय?" मला सांगता आलं नाही. मग एकेक शंका निघत गेल्या. हे फोटो खरे कशावरून? कुणी काढले? त्यातल्या माणसांचं पुढे काय झालं? आमचे एक सहकारी तर म्हणतात, असले फोटो शाळेत लावूच नयेत. सविस्तर लिहावे, ही विनंती.
— एक शिक्षिका, नंदुरबार

उत्तर : आधी तुमच्या विद्यार्थिनीचं उत्तर देतो, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न तिचाच आहे. त्या दादाचं नाव म्बुयिसा मखुबो. वय तेव्हा १८. फोटोत त्याच्या अंगात डांगरी आहे, तोंड वेदनेनं वाकडं झालंय आणि हातांवर बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन आहे. हेक्टर त्याच्या नात्यातला नव्हता. शेजारी हात पुढे करून धावते आहे ती हेक्टरची थोरली बहीण अँटोइनेट. तारीख १६ जून १९७६, वार बुधवार, ठिकाण जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला असलेल्या सोवेटोतला ऑर्लँडो वेस्ट हा भाग.

म्बुयिसाचं पुढे काय झालं ते सांगण्याआधी त्या सकाळबद्दल थोडं सांगायला हवं. मुलं रस्त्यावर का आली होती, हे तुमच्या विद्यार्थ्यांना आपल्या अनुभवावरून लगेच कळेल. भांडण शाळेचं होतं. १९५३च्या बांटू शिक्षण कायद्यानं काळ्या मुलांसाठी वेगळं आणि हेतुपुरस्सर हलकं शिक्षण ठेवलं होतं. १९७४ मध्ये सरकारनं त्यात भर घातली. गणितासारखे निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकवायचे. ही भाषा म्हणजे सत्ताधारी गोऱ्यांची, पोलिसांची आणि परवाने तपासणाऱ्या कारकुनांची. मुलांना ती धड येत नव्हती आणि बऱ्याच शिक्षकांनाही येत नव्हती. मे १९७६ पासून ऑर्लँडो वेस्टमधल्या शाळेत बहिष्कार सुरू झाला, तो इतर शाळांत पसरला. १३ जूनला विद्यार्थ्यांची बैठक झाली, मोर्चा ठरला. मॉरिस आयझॅकसन हायस्कूलचा त्सिएत्सी माशिनिनी हा त्यांचा पुढारी. निरनिराळ्या शाळांतून निघायचं, एकत्र यायचं आणि ऑर्लँडो स्टेडियमवर जायचं. मुलं गणवेशात होती. विलाकाझी रस्त्याच्या आसपास पोलिसांनी वाट अडवली, अश्रुधूर सोडला, कुत्रे सोडले आणि मग गोळ्या झाडल्या.

'द वर्ल्ड' या जोहान्सबर्गच्या दैनिकाचा छायाचित्रकार सॅम न्झिमा तिथे सकाळपासून होता. हेक्टर कोसळताना आणि म्बुयिसा त्याला उचलताना त्यानं पाहिलं. कॅमेरा पेंटॅक्सचा होता. त्यानं एकापाठोपाठ सहा फोटो घेतले. आपण ज्याला 'तो फोटो' म्हणतो तो या सहांतला एक. तिघे त्याच्या दिशेनंच येत होते, कारण जवळ वर्तमानपत्राची गाडी उभी होती. त्याची सहकारी वार्ताहर सोफी टेमा हिनं हेक्टरला त्या गाडीतून फेफेनीच्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं. इकडे न्झिमानं रीळ कॅमेऱ्यातून काढून पायमोज्यात लपवलं. पोलीस दिसेल त्या छायाचित्रकाराची फिल्म उघडून उजेडात धरत होते. उजेड लागला की फिल्म संपली. मोज्यातलं रीळ कचेरीत पोचलं. छापावं की नाही यावर वाद झाला आणि शेवटी छापलं गेलं. वृत्तसंस्थांच्या तारांवरून दुसऱ्या दिवशी ते जगभर गेलं. १९ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं दक्षिण आफ्रिकेचा निषेध करणारा ३९२ क्रमांकाचा ठराव केला. जुलैत आफ्रिकान्सची सक्ती मागे घेतली गेली. पण तोवर दंगल देशभर पेटली होती आणि पुढच्या काही महिन्यांत सरकारच्याच चौकशी आयोगाच्या हिशेबानं ५७५ माणसं मेली.

(त्याच जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणीला वर्ष पूर्ण होत होतं आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. भारतानं वर्णद्वेषाविरुद्ध दक्षिण आफ्रिकेशी व्यापार १९४६ मध्येच तोडला होता, आणि हा अभिमानाचाच भाग. पण त्या वर्षी दुसऱ्याच्या देशातल्या सेन्सॉरबद्दल बोलताना आपल्याला जरा घसा खाकरावा लागला असता, एवढं खरं.)

आता म्बुयिसा. फोटो छापून आल्यावर त्याचा चेहरा जगाला ठाऊक झाला, म्हणजे पोलिसांनाही झाला. त्याच्या घरी पोलिसांच्या खेपा सुरू झाल्या. फोटोसाठी त्यानं मुद्दाम हे नाटक केलं, असाही आरोप त्याच्यावर झाला. तो देश सोडून पळाला, आधी बोट्स्वानाला आणि पुढे नायजेरियाला. १९७८ मध्ये नायजेरियाहून त्याच्या आईला पत्र आलं. त्यानंतर काही आलं नाही. वर्णद्वेषी राजवट गेल्यावर १९९६ मध्ये त्याची आई नोम्बुलेलो मखुबो त्या राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगापुढे उभी राहिली आणि मुलाचा ठावठिकाणा मागितला. २००४ मध्ये ती वारली. माझा मुलगा वीर नव्हता, असं ती म्हणत असे. आमच्या रीतीनं पडलेल्या पोराला उचलणं हे भावाचं कामच आहे, त्यात पराक्रम कसला? तुमच्या विद्यार्थिनीनं त्याला 'दादा' म्हटलं, ते या बाईंना पटलं असतं.

एवढ्यावरून एक गोष्ट लक्षात येईल. अशा छायाचित्रांकडे आपण घडून गेलेल्या प्रसंगाचा पुरावा म्हणून बघतो. पण त्यातल्या माणसांच्या आयुष्यात फोटो हा स्वतंत्र प्रसंग असतो, आणि पुष्कळदा गोळीबाराहून लांब चालणारा. हेक्टरला गोळीनं मारलं. म्बुयिसाला देशोधडीला लावलं ते फोटोनं. म्हणून तुमच्या फ्रेमखाली 'या दिवशी काय झालं' एवढंच लिहिलंत तर अर्धी हकिगत राहून जाते. 'या फोटोमुळे काय झालं' हेही लिहायला हवं.

मुलांना हा धोका तेव्हाही कळत होता. पीटर मागुबाने हा मोठा छायाचित्रकार त्या दिवशी सोवेटोत होता. मोर्चातल्या मुलांनी त्याला फोटो काढायला मनाई केली, कारण फोटो पोलिसांच्या हाती लागले की चेहरे ओळखले जाणार. नोंद न राहिलेला लढा हा लढाच राहत नाही, असं काहीसं त्यानं त्यांना समजावलं आणि ती मुलं तयार झाली. मला दोन्ही बाजू पटतात. आज मागुबाने आणि न्झिमाच्या कामामुळे सोवेटो आपल्याला दिसतं, आणि मुलांची भीतीही जशीच्या तशी खरी ठरली.

न्झिमाचंही काही बरं झालं नाही. सुरक्षा पोलीस मागे लागले, तेव्हा नोकरी सोडून तो लिलीडेल या आपल्या गावी परतला. तिथेही त्याला नजरकैदेत ठेवलं. पोटासाठी त्यानं दारूचं दुकान चालवलं. 'द वर्ल्ड' ऑक्टोबर १९७७ मध्ये सरकारनं बंदच केला. दरम्यान त्याचा फोटो भित्तिपत्रकांवर, सदऱ्यांवर, पुस्तकांत जगभर फिरत होता आणि त्याला त्यातून काही मिळत नव्हतं, कारण हक्क वृत्तपत्र कंपनीकडे होते. ते त्याच्या नावावर व्हायला १९९८ उजाडलं. २०१८च्या मे महिन्यात तो गेला. अँटोइनेट मात्र त्या जागेपाशीच राहिली. २००२ मध्ये ऑर्लँडो वेस्टला हेक्टरच्या नावानं संग्रहालय उघडलं, तिथे ती येणाऱ्यांना तो दिवस सांगत असे. धावपळीत कुणीतरी कुणालातरी उचलून नेताना तिला दिसलं आणि तिनं भावाला चेहऱ्यावरून नव्हे, बुटांवरून ओळखलं, असं ती सांगते.

आणखी एक नाव तुमच्या फळ्यावर जायला हवं : हेस्टिंग्ज न्डलोवू. वय १५. त्या सकाळी गोळी लागलेला पहिला मुलगा हेक्टर नसून हा, असं आता मानलं जातं. तो बॅरॅग्वानाथ रुग्णालयात वारला. पण त्याला कुणी कॅमेऱ्यासमोरून उचलून नेलं नाही, म्हणून 'सोवेटोचा पहिला बळी' म्हणून हेक्टरचंच नाव जगाच्या तोंडी बसलं. दोघांची कबर एकाच ॲव्हलॉन स्मशानभूमीत आहे.

तुमच्या गावाचा धागा मला इथेच जुळताना दिसतो. 'छोडो भारत' चळवळीत ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारच्या माणिक चौकात पोलिसांच्या गोळ्यांनी शिरीषकुमार मेहताबरोबर आणखी चौघे पडले : धनसुखलाल वाणी, घनश्यामदास शहा, शशिधर केतकर आणि लालदास शहा. शाळांत तसबीर लागते ती शिरीषकुमारची. आणि ती तसबीर म्हणजे चेहरा आहे, प्रसंग नाही. १९७६च्या सोवेटोत पगारी छायाचित्रकार होता, वृत्तपत्राची मोटार होती, फोटो तारेनं परदेशी पाठवणारी वृत्तसंस्था होती. १९४२ मध्ये पश्चिम खानदेशातल्या तालुक्याच्या गावात यातलं काय असणार? वर चळवळीच्या बातम्या छापण्यावर सरकारची बंधनं. एखाद्या मुलाचं मरण जगाला दिसतं आणि दुसऱ्याचं दिसत नाही, यात त्या मुलांच्या धैर्याचा काही संबंध नसतो. सहावीच्या वर्गाला हे सांगायला हरकत नाही. त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर कळेल.

आता वॉर्सॉचा फोटो. याची जात निराळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा फोटो लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण हा मारणाऱ्यांनी काढलेला फोटो आहे. एप्रिल १९४३ मध्ये वॉर्सॉच्या ज्यू वस्तीत, म्हणजे घेट्टोत, नाझींविरुद्ध उठाव झाला. तो चिरडण्याचं काम एसएस या नाझी दलाचा अधिकारी युर्गेन श्ट्रूप याच्याकडे होतं. १६ मे रोजी वॉर्सॉचं मोठं सिनेगॉग सुरुंगानं उडवून त्यानं कामगिरी फत्ते झाल्याचं जाहीर केलं आणि वरिष्ठांसाठी अहवाल तयार केला. त्यात रोजच्या तारा होत्या, पकडलेल्या वा मारलेल्या ज्यूंचा ५६,०६५ हा आकडा होता आणि सोबत पन्नासेक फोटोंचा आल्बम होता. कातडी बांधणीच्या प्रती होत्या, एक खुद्द एसएसचा प्रमुख हिमलर याच्यासाठी. हा मुलगा त्या आल्बममधला. फोटोखाली सुबक अक्षरांत लिहिलं आहे की यांना बंकरमधून जबरदस्तीनं बाहेर काढलं. लग्नाच्या आल्बमाइतक्या निगुतीनं केलेलं ते काम आहे, आणि अंगावर काटा येतो तो त्या निगुतीमुळे.

म्हणजे तुम्ही व्हरांड्यात उभ्या राहून त्या मुलाकडे बघता, तेव्हा तुम्ही नेमक्या त्याच जागी उभ्या असता, जिथे नाझींचा छायाचित्रकार उभा होता. न्झिमाच्या फोटोत तसं होत नाही. तिथे बघणारा मुलांच्या बाजूचा असतो.

पण आल्बम करणाऱ्यांवरच तो उलटला. न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या खटल्यात हा अहवाल सरकार पक्षानं पुरावा म्हणून मांडला. श्ट्रूपला पोलंडमध्ये खटला चालवून १९५२च्या मार्चमध्ये वॉर्सॉतच फाशी दिलं. फोटोत मुलाच्या मागे बंदूक धरून उभा असलेला सैनिक योझेफ ब्लॉशे युद्धानंतर पूर्व जर्मनीत साध्या कामगारासारखा राहत होता. अखेर तो सापडला, हा मीच, असं त्यानं कबूल केलं आणि १९६९ मध्ये त्याला देहदंड झाला. मारेकऱ्याचं नाव, गाव, शेवट सगळं सापडलं. मुलगा कोण, हे मात्र निर्विवादपणे ठरलेलं नाही. गेल्या काही दशकांत एकाहून अधिक नावं पुढे आली, पण एकही पक्कं झालं नाही. तेव्हा इंटरनेटवर एखादं नाव छातीठोकपणे दिलेलं दिसलं तरी तुम्ही ते फ्रेमखाली लिहू नका.

खरेपणाबद्दल तुम्ही विचारलं आहे. फोटो खरा की बनावट, याचा निकाल त्या एकट्या फोटोकडे टक लावून लागत नाही. त्याच्या आगेमागे काढलेले फोटो पाहावे लागतात, इतरांनी त्याच वेळी काढलेले पाहावे लागतात, आणि मूळ निगेटिव्ह कुणाच्या ताब्यात होती याची साखळी पाहावी लागते. सोवेटोचे सहाही फोटो आहेत, शिवाय सोफी टेमाची आणि बहिणीची साक्ष आहे. तिथे वाद उरत नाही. उलट शांघायचं प्रसिद्ध बाळ घ्या. २८ ऑगस्ट १९३७ला जपानी विमानांनी शांघायच्या दक्षिण रेल्वे स्थानकावर बाँब टाकले. उद्ध्वस्त फलाटावर एकटंच बसून रडणारं तान्हं मूल एच. एस. वाँग या चिनी वृत्तछायाचित्रकारानं टिपलं. अमेरिकेत तो फोटो कोट्यवधी लोकांनी पाहिला. जपान्यांनी तो बनावट ठरवला, वाँगच्या डोक्यावर इनाम लावलं. दुसऱ्या फोटोंमध्ये एक माणूस त्या मुलाला उचलून आणताना दिसतो, म्हणून 'बघा, मुद्दाम बसवलं' असा गलका झाला. पण बाँब पडले होते, स्थानक उद्ध्वस्त झालं होतं, मूल जखमी होतं. रुळांवरून एकेक जण उचलून आणणारा माणूस पहिल्या मुलाला फलाटाच्या कडेला ठेवणार नाही तर काय खांद्यावर घेऊन फिरणार? 'फोटोत एकटं दिसतं' आणि 'खरोखर एकटं होतं' यांत फरक आहे, हे मान्य. त्यावरून बाँबहल्लाच खोटा ठरवणं ही लबाडी.

व्हिएतनामच्या फोटोवरही असाच संशय घेणारा एक जण होता आणि तो अमेरिकेचा अध्यक्ष होता. निक्सन आपल्या सहकाऱ्याशी बोलताना हा फोटो जुळवून आणलेला असावा अशी शंका बोलून दाखवतात, हे व्हाइट हाउसच्या ध्वनिफितींत आहे. ८ जून १९७२, त्रांग बांग गाव. दक्षिण व्हिएतनामच्याच विमानानं चुकीच्या जागी नापाम हे अंगाला चिकटून जळणारं रसायन टाकलं. नऊ वर्षांची फान थी किम फुक अंगावरचे जळते कपडे टाकून महामार्गावरून धावत आली. आपण पाहतो तो फोटो उजवीकडून कापलेला आहे. पूर्ण फोटोत तिथे आणखी एक छायाचित्रकार कॅमेऱ्यात नवं रीळ भरत मान खाली घालून उभा दिसतो. तो कापल्यामुळे आपल्याला वाटतं की त्या रस्त्यावर मुलं आणि सैनिक यांच्याखेरीज कुणीच नव्हतं. प्रत्यक्षात तिथे वार्ताहरांचा घोळका होता, आणि ते बरंच झालं, कारण त्यांतल्याच काहींनी तिच्या अंगावर पाणी ओतलं आणि तिला रुग्णालयात पोचवलं.

हा फोटो निक उट याच्या नावावर आहे आणि १९७३चं पुलित्झर त्यालाच मिळालं. २०२५ मध्ये एका माहितीपटानं तो दुसऱ्याच स्थानिक छायाचित्रकारानं काढल्याचा दावा केला. असोसिएटेड प्रेसनं तपास करून उटचं नाव कायम ठेवलं, तर वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेनं आपल्याकडचं श्रेय तूर्त स्थगित केलं. त्रेपन्न वर्षांनी! प्रसंग खरा की खोटा, यावर या वादाचा काही परिणाम होत नाही. पण तुम्ही खाली नाव लिहिणार असाल, तर वाद आहे असंही लिहा.

किम फुक वाचली. वर्षाहून अधिक काळ रुग्णालयात, अनेक शस्त्रक्रिया. मोठी झाल्यावर डॉक्टर व्हायला निघाली, तर सरकारनं तिला शिक्षणातून ओढून परदेशी पाहुण्यांपुढे 'फोटोतली मुलगी' म्हणून उभं करायला सुरुवात केली. १९९२ मध्ये मॉस्कोहून परतताना विमान इंधनासाठी कॅनडात थांबलं, तेव्हा नवऱ्यासह उतरून तिनं आश्रय मागितला. पुढे युनेस्कोची सदिच्छादूत म्हणून ती याच फोटोबद्दल जगभर बोलली, पण स्वतःच्या मर्जीनं. लहानपणी मात्र तिला या फोटोची लाज वाटायची. आपण उघड्या आहोत आणि भाऊ कपड्यांत आहेत, हे तिला खुपायचं. तिनं हे अनेकदा सांगितलं आहे.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाकडे येतो. ते अगदीच चुकीचे नाहीत. २०१६ मध्ये फेसबुकनं हाच फोटो नग्नतेच्या नियमावर बोट ठेवून काढून टाकला होता. नॉर्वेतल्या 'आफ्टनपोस्टन' या वृत्तपत्राच्या संपादकांनी जाहीर पत्र लिहून जाब विचारला, तिथल्या पंतप्रधानांनी तो टाकला तर त्यांचाही काढला गेला, आणि मग गहजब झाल्यावर परत लावला. वर्तमानपत्रात, संग्रहालयात, पुस्तकात तो असायलाच हवा. पण शाळेचा व्हरांडा म्हणजे संग्रहालय नव्हे. तिथून मुलं मधल्या सुटीत डबा खात, एकमेकांना ढकलत जातात. नऊ वर्षांच्या उघड्या मुलीचा फोटो तिथे कायमचा टांगला, तर आठ दिवसांत त्यावर विनोद होतील आणि पंधरा दिवसांत तो कुणाला दिसणारही नाही. ज्या मुलीला त्या फोटोची लाज वाटत होती, तिच्यावर आपण तो पुन्हा लादू नये. हा फोटो नववी-दहावीच्या वर्गात, तुम्ही समोर असताना, तासाभरासाठी दाखवा आणि परत कपाटात ठेवा. तिची मोठेपणीची छायाचित्रंही आहेत. पाठीवरच्या व्रणांसह बाळाला कुशीत घेतलेली किम फुक पाहिली, तर मुलांना पुढची गोष्टही मिळेल.

सोवेटोचा फोटो लावा, दर्शनी भागात लावा. ती मुलं आपल्या शाळेसाठी, आपल्या अभ्यासाच्या भाषेसाठी रस्त्यावर आली होती. तुमच्या विद्यार्थ्यांशी त्यांचं नातं सरळ आहे. दक्षिण आफ्रिकेत १६ जून हा युवा दिन म्हणून पाळतात, हेही सांगा. वॉर्सॉचा फोटो लावायचा की नाही, हे तुमच्याकडे तो नीट समजावून सांगणारं कुणी रोज आहे का, यावर ठरवा. नसेल तर तोही वर्गातच.

एक व्यवहाराची गोष्ट. वॉर्सॉचा फोटो अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून कुणालाही घेता येतो. न्झिमाच्या फोटोवर हक्क आहेत. ते मिळवायला त्याला २२ वर्षं लागली, तेव्हा नेटवरून उतरवून छापण्याआधी परवानगीचं एक पत्र पाठवा. आणि मोठा छापायचा असेल तर कापू नका. छापखानेवाला 'चौकोनात नीट बसत नाही' म्हणून कडा उडवायला निघेल, तेव्हा त्याला आवरा.

फ्रेमखालचा मजकूर हवा असेल तर हा घ्या. अक्षर एवढं मोठं ठेवा की सहावीतल्या मुलीला टाचा न उंचावता वाचता येईल :

'ऑर्लँडो वेस्ट, सोवेटो, दक्षिण आफ्रिका. १६ जून १९७६. डावीकडून : अँटोइनेट, हेक्टरची बहीण, म्बुयिसा मखुबो, वय १८, त्याच्या हातांवर हेक्टर पीटरसन, वय १२. शाळेत आफ्रिकान्सच्या सक्तीविरुद्ध निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात हेक्टर मरण पावला. त्याच सकाळी हेस्टिंग्ज न्डलोवू, वय १५, हाही मारला गेला. त्याचा फोटो नाही. या छायाचित्रामुळे म्बुयिसाला देश सोडावा लागला. १९७८ नंतर त्याची खबर आईला मिळाली नाही. छायाचित्रकार : सॅम न्झिमा. या छायाचित्रामुळे त्याला नोकरी सोडावी लागली.'

'डावीकडून' हा शब्द छापण्याआधी तुमच्याकडची प्रत एकदा तपासून घ्या. पुस्तकांत आणि भित्तिपत्रकांत फोटो कधी कधी उलटा छापला जातो, आणि मग बहीण भलत्याच बाजूला धावताना दिसते.